मॉडेलमध्ये चपला नव्हत्या

परवा सांगलीत एका चकाचक नव्या बिल्डिंगच्या वास्तुशांतीला गेलो होतो. लोक झुंबर बघत होते, लिफ्ट बघत होते, सेल्फी काढत होते. आणि मी? मी दारात उभा राहून चपला बघत होतो. कुठं काढल्यात, ढीग कुठल्या बाजूला सरकतोय, मागनं येणारा माणूस पाय कुठं ठेवतोय. मित्र म्हणाला, "काय रं, चोरायचा इचार हाय काय?" त्याला काय सांगणार! हे खूळ माझं नाही. हे आमच्या बांधकामाच्या साइटवरच्या मॅडमचं खूळ आहे. मला ते कसं लागलं हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो. थांबा, सांगतोच.

मॅडमची पहिली भेट साताऱ्यात, इंटरव्ह्यूला. मी लय घोकून गेलेलो. कॉम्प्युटरवर अख्ख्या बिल्डिंगचं थ्रीडी मॉडेल कसं उभं करायचं, त्यात बीम, पाइप, वायर एकमेकांत घुसल्या तर कसं शोधायचं, अजाईल म्हणजे काय, स्प्रिंट म्हणजे काय. सर्टिफिकेट फाइलमध्ये सगळ्यात वर. समोर पन्नाशीच्या बाई. सुती साडी, पायात सेफ्टी बूट, आणि डोक्यावर पिवळं हेल्मेट. ऑफिसात! पंख्याखाली! पुढ्यात भडंगाचा डबा. माझी फाइल त्यांनी उघडलीच नाही. तिचा उपयोग डब्याखाली ठेवायला केला.

"गाव?"

"पाटण, मॅडम."

"शेवटचं लग्न कुणाचं जेवलास?"

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "अं... मामेभावाचं."

"अक्षता पडल्या. मग?"

"मग काय मॅडम?"

"मग जेवायला कुठनं पळालास?"

मी शॉक! पण खरं ते सांगितलं. "आचाऱ्याच्या बाजूनं, मॅडम. पुढनं लय गर्दी होती."

त्यांनी डबा माझ्याकडं सरकवला. "घे. सोमवारी ये."

झाला इंटरव्ह्यू! घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, बाई बरी आहे ना रे डोक्यानं? डोकं दिसलंच नाही म्हटलं, वर हेल्मेट होतं.

काम होतं रहिमतपूरच्या अलीकडं, रस्त्याला लागून. एका रिटायर्ड सुभेदारांचं मंगल कार्यालय. वर लग्नाचा हॉल, खाली पंगत. बुफे चालणार नाही ही सुभेदारांची पहिली अट. "उभ्यानं खायाला मानसं हायती का बैलं?" दुसरी अट मधोमध जिना, वळण घेत खाली येणारा, राजवाड्यातल्यासारखा. आणि तिसरी अट सगळ्यात मोठी. त्यांची एकुलती एक पोरगी, आम्ही सगळे तिला ताई म्हणायचो, तिचं लग्न ठरलेलं. मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतरचा, पक्का. "नव्या कार्यालयात पयल्या अक्षता माज्या पोरीच्या. दुसरीकडं लगीन लागलं तर हे कार्यालय मी कडब्याला देईन," असं ते पहिल्याच मीटिंगमध्ये बोलले. म्हणजे काम कसं करायचं ते आमचं, पण तारीख त्यांची.

मॅडम रोज सकाळी सांगलीहून पॅसेंजरनं यायच्या. हेल्मेट घालून. गाडीतली कॉलेजची पोरं त्यांना लांबनं ओळखायची, खिडकीची जागा द्यायची. मी एकदा विचारलं, मॅडम, गाडीत कशाला? तर म्हणाल्या, "छप्पर कुणी बांधलंय माहीत नाही."

त्या कुणालाच नावानं हाक मारायच्या नाहीत. गावानं मारायच्या. मी पाटण. आमचे मिस्त्री म्हसवड. "म्हसवड, वाळू ओली आहे. पाटण, लॅपटॉप आण." सुभेदार तेवढे सुभेदार, कारण ते आपल्याच गावात उभे होते.

आणि सकाळची मीटिंग! कोर्समध्ये मी शिकलो होतो, स्टँडअप मीटिंग म्हणजे छोटीशी, उभ्यानं घ्यायची. मला वाटलं ए.सी.त, कॉफी घेऊन. इथं उन्हात, खडीच्या ढिगाशेजारी, गोलात. मिस्त्री, सेंट्रिंगवाले, प्लंबर, मी आणि खुद्द मालक. प्रत्येकानं तीनच गोष्टी सांगायच्या. काल काय केलं, आज काय करणार, काय आडलंय. सुभेदार पहिल्या दिवशीच खूश. "ही तर आमची फॉलिन!" म्हणून सावधानमध्ये उभे.

पण एक शब्द मात्र बोलायला बंदी. "होतंय की." आपल्या भागात काम कुठवर आलं विचारा, उत्तर हेच. यात अजून सुरूच नाही इथपासून ते कालच संपलं इथपर्यंत सगळं बसतं. मॅडमच्या एका हातात स्टीलचं ताट असायचं, दुसऱ्या हातात चमचा. कुणी म्हणालं "हुतंय की मॅडम" की धाडकन चमचा ताटावर! पहिल्या आठवड्यात एवढं वाजलं की शेजारच्या वस्तीवरची बाई विचारायला आली, कुणाला मूल झालं काय.

स्प्रिंट हा शब्दही त्यांनी मोडीत काढला. "ते पळणं वगैरे नको. बाजार म्हण." आठवडी बाजाराच्या दिवशी काहीतरी पुरं झालेलं सुभेदारांना दाखवायचंच. एक भिंत का असेना, पण पुरी. "बाजाराला रिकामी पाटी घेऊन कोण जातंय रे?" कामाच्या चिठ्ठ्या बोर्डावर चिकटवायच्या असतात, पण माळावरचं वारं त्या टिकू देईना. मग मॅडमनी साडी वाळत घालायची दोरी बांधली आणि कपड्याच्या चिमट्यांनी चिठ्ठ्या लावल्या. डावीकडं करायचं, मधी चालू, उजवीकडं झालं. एकदा शेळीनं उजवीकडच्या सगळ्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी म्हसवड मिस्त्री गोलात उभे राहून रडकुंडीला आलेले. "मॅडम, माजं झाल्यालं काम शेळीनं खाल्लं वो!" मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मॉडेलात आहे ते. शेळीला लॅपटॉप उघडता येत नाही."

मॉडेल! ते माझं काम. आणि खरं सांगतो, मॉडेलनं आम्हाला पहिल्याच बाजाराला वाचवलं. वरच्या संडासाचा पाइप थेट खालच्या पंगतीच्या डोक्यावरनं चालला होता. कागदावर कुणाला दिसलं नव्हतं. सुभेदारांनी स्क्रीनवर तो पाइप बघितला आणि जेवायचं सोडून उठले.

मग मी मॉडेलमध्ये माणसं टाकली. सॉफ्टवेअरमध्ये तयार माणसं येतात, गर्दी कशी चालेल ते बघायला. मॅडमनी बघितलं आणि खुर्चीवरनं उठल्याच.

"ही कोण?"

"माणसं, मॅडम."

"कोट घातलेली? आणि हा काय, कुत्रा घेऊन आलाय? सुभेदारांच्या पोरीच्या लग्नात कुत्रा घेऊन कोण येतंय रे पाटण?"

सगळी पुसायला लावली! नवीन काढायची. कडेवर पोर घेतलेली बाई. पातेलं धरून चाललेले दोन वाढपी. बँडवाला. आणि सगळ्यात महत्त्वाची, गुडघेदुखीवाली आत्या. खरी आत्या होती ती, सुभेदारांची थोरली बहीण. रोज दुपारी साइटवर भाकरी घेऊन यायच्या. मॅडमनी मला त्यांच्या चालण्याचा व्हिडिओ काढायला लावला. एक पाय टाकायचा, थांबायचं, मग दुसरा. मी तशीच आकृती केली, हिरव्या साडीची. आत्यांना दाखवली तर पदर तोंडाला लावून हसल्या. "आगं बया, मी एवढी जाडी हाय व्हय?"

मग मॅडमनी मॉडेलमध्ये लग्न लावलं. अक्षता पडल्या, सगळी माणसं एकदम जिन्याकडं वळली, आणि आम्ही श्वास धरून बघत राहिलो. गर्दी अडली की तिथं लाल होतं. नाही झालं! वळणावर थोडं पिवळं, मग हिरवं. आत्या सगळ्यांच्या मागनं एक पाय, दुसरा पाय करत उतरल्या आणि पंगतीला बसल्या. मॅडम म्हणाल्या, "पास." सुभेदारांनी मला पेढा दिला. राजवाड्याचा जिना ओतला गेला.

वरचा स्लॅब ओतून झाला, सेंट्रिंग निघालं, आणि सुभेदारांनी स्लॅबचं जेवण घातलं. अख्खी भावकी, कामगार, शेजारपाजार. वर हॉलमध्ये पूजा, खडी टोचते म्हणून सगळे चपला घालूनच उभे, खाली सतरंज्या टाकून पंगत. आरती संपली आणि खालनं कुणीतरी ओरडलं, "चला, पानं वाडल्यात!"

सगळे एकदम वळले. अगदी मॉडेलसारखे! मला तर मजा वाटली, मी मोबाइल काढला शूट करायला.

पुढची माणसं खाली पोचली आणि थांबली. का? पंगत म्हटल्यावर चपला काढायच्या ना! जिन्याच्या पायथ्याशी काढल्या. त्यांच्या मागच्यांनी त्यांच्या मागं काढल्या, पायरीवर. त्यांच्या मागच्यांनी वरच्या पायरीवर. ढीग जिना चढायला लागला आणि वरची माणसं उतरतच होती, कारण वळणामुळं त्यांना खालचं काही दिसत नव्हतं. "आरं सरका की!" "कुटं सरकू?" आणि मधोमध हिरवी साडी. एक पाय टाकला, थांबल्या. मागनं धक्का. दुसरा पाय कुणाच्या तरी रबरी चपलेवर.

तो आवाज मी विसरू शकत नाही. मग त्यांच्यावर अजून दोघं.

मी मोबाइल धरून तसाच. ही आकृती मी काढली होती! हीच साडी, हेच वळण, हेच थांबणं! आणि खाली मॅडम उभ्या होत्या, हातात ताट, तोंड उघडं. चमचा हातातनं पडलेला त्यांना कळलासुद्धा नाही. म्हसवड मिस्त्रींनी माणसं बाजूला ओढली, आत्यांना उचललं. हात मोडला होता. मनगटात. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचल्या.

मॉडेलमध्ये सगळ्यांच्या पायात चपला होत्या. काढलेली एकही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोल भरला. कुणी कुणाकडं बघेना. मॅडमचा नंबर नेहमी शेवटी असायचा, त्या दिवशी पहिल्या बोलल्या.

"काल काय केलं? माणूस पाडला. जिना मी पास केला होता. आज काय करणार? जिना फोडणार. काय आडलंय?" त्यांनी सुभेदारांकडं बघितलं. "तुम्ही."

मी शॉक, मिस्त्री शॉक! सुभेदार लालबुंद. "मॅडम, शुद्धीवर हाय का? पोरीचं लगीन तोंडावर आलंय! चपला लांब काडा म्हनून बोर्ड लावू की! मानसाला सांगता येतं की!"

चमचा ताटावर पडला. धाडकन! मालकापुढं!

"लावा बोर्ड. अक्षता पडल्यावर बोर्ड कोण वाचतं ते मला दाखवा."

"हा जिना माज्या डोळ्यादेखत कुनी फोडणार न्हाई. तुमी सांगलीला जावा. बास झालं तुमचं."

मॅडम गेल्या. खरंच गेल्या, हेल्मेट घालून, चालत, स्टेशनकडं. मला वाटलं संपलं सगळं. पण दुपारी बघतो तर काय, शेजारच्या मोकळ्या रानात मॅडम! साडी खोचलेली, हातात फक्कीची पाटी, कबड्डीच्या मैदानाला आखतात तशा पांढऱ्या रेघा ओढताहेत! गाडी चुकली म्हणाल्या. सपशेल खोटं.

"पाटण, मापं सांग मॉडेलातली."

आम्ही अख्खं कार्यालय रानात आखलं, एकास एक. हॉल इकडं, पंगत तिकडं, मधी तो वळणाचा जिना, रेघांचा. जिन्याच्या दोन्ही बाजूंनी दोऱ्या लावल्या, त्या धरायला सेंट्रिंगची पोरं. रेघ ओलांडली तर भिंतीत घुसलास, असा नियम. मग मॅडम थेट सुभेदारांच्या घरी आत्यांकडं गेल्या. मी बाहेर उभा. मला वाटलं आता शिव्या पडणार. आतनं आत्यांचा आवाज आला.

"माज्या हाताला प्लॅस्टर घातलंय, मॅडम, तोंडाला न्हाई. आनते सगळ्यास्नी."

आणि आणलं की सगळ्यांना! संध्याकाळी उन्हं कलताना रानात खोटं लग्न! नवरदेव मी, मुंडावळ्या बांधून, चेहरा टोमॅटोसारखा लाल. नवरी खरी, ताईच. "हसू नको, मलापन लाजच वाटतीया," ती कुजबुजली. सुभेदार कडेला, हाताची घडी, तोंड वाकडं. आत्या गरजल्या, "आरं सुभेदारा, पोरीचा बाप कुटं लांब हुबा ऱ्हातो व्हय? हिकडं ये!" बहिणीपुढं पलटण चालत नाही. आले.

अक्षता पडल्या. "पानं वाडल्यात!" मॅडम पंगतीच्या बाजूनं ओरडल्या. आणि पळापळ! खोटं लग्न, खोटी पंगत, एक दाणा शिजलेला नाही, तरी पळाली माणसं! रक्तातच आहे ते. सुभेदारही निघाले, वाढायला उभं राहायचं म्हणून, पाहुण्यांच्या आधी पोचायचं म्हणून. रेघांच्या वळणावर अडकले. पुढं चपलांचा ढीग, मागं भावकी, दोन्ही अंगाला दोरी. तेवढ्यात ताई घाबरून ओरडली, "आप्पा!" ती मागं राहिली होती, गर्दीनं दाबलेली. सुभेदार मान वळवू शकत होते, पाय नाही. दोरीच होती, पांढरी रेघच होती. पण त्यांचा चेहरा! घामानं डबडबलेला.

मॅडमनी ताट वाजवलं. पोरांनी दोऱ्या सोडल्या. सुभेदार तिथंच ढेकळात बसले. तिथनंच म्हणाले, "फोडा. पन मुहूर्त हलनार न्हाई."

"मुहूर्त मी कुठं हलवतेय," मॅडम म्हणाल्या. "पाटण, लॅपटॉप."

राजवाडा फुटताना सुभेदार साइटवर आले नाहीत. ब्रेकरचा आवाज घरापर्यंत जायचा म्हणे, आणि ते रेडिओ मोठा करून बसायचे. आम्ही मॉडेलमध्ये दोन सरळ जिने लावले, दोन बाजूंना, रुंद, वरनं खालपर्यंत दिसणारे. चपला वरच, हॉलच्या दारात काढायच्या, त्या ठेवायला दोन्हीकडं फळ्या. प्रत्येक बाजाराला एक तुकडा पुरा, आणि प्रत्येक तुकडा झाला की आत्यांनी चालून बघायचा, त्याशिवाय चिठ्ठी उजवीकडं जायची नाही. एकदा त्यांनी नापास केलं. कठडा हाताला लागत नाही म्हणाल्या. सगळा कठडा खाली घेतला! जुन्या जिन्याच्या भोकाभोवती गज लावून झरोका केला. रंग ओला होता तरी हळद लागली.

लग्नाच्या दिवशी मी आणि मॅडम एका जिन्याच्या तोंडाशी उभे. मॅडम नवी पैठणी नेसलेल्या आणि वर हेल्मेट. हातात ताट. सनई, मंगलाष्टका. अक्षता पडल्या.

वळले सगळे. आले. अनवाणी, धडाधड, पोरं, बायका, पातेलीवाले, बँडवाले. दोन्ही जिन्यांवरनं पाण्यासारखे उतरले. उतरतच राहिले. आणि... काही झालं नाही. काहीच नाही! पंगत बसली, "वाडा रं!" ऐकू आलं.

मॅडमचा चेहरा पांढरा. "आत्या कुठंय?"

मी वर बघितलं, खाली बघितलं. हिरवी साडी कुठं दिसेना. आम्ही दुसऱ्या जिन्याकडं धावलो, आणि तिथं, जिन्याच्या मधोमध, आत्या पायरीवर पाय पसरून बसलेल्या! नव्या साडीत! शेजारी दोन म्हाताऱ्या, पानाचा डबा उघडा, गप्पा रंगलेल्या. उरलीसुरली माणसं त्यांच्या दोन्ही बाजूंनी निवांत उतरत होती. कुणी त्यांना ऊठ म्हणत नव्हतं. म्हणायची गरजच नव्हती.

"आवं, गुडगा जरा भरून आला, म्हनून टेकले," आत्या म्हणाल्या. "जागा लय हाय की हितं."

मॅडम बघत राहिल्या. मग त्यांनी हेल्मेट काढलं. मी पहिल्यांदा बघितलं, केस सगळे पांढरे होते. हेल्मेट पायरीवर ठेवलं आणि आत्यांच्या शेजारी बसल्या, पैठणीसकट. डोळे पुसले, हसल्या, परत पुसले.

खालनं सुभेदार ओरडले, "मॅडम, चला! पयल्या पंगतीचं पान तुमचं हाय! थंड हुतंय!"

मॅडम उठल्याच नाहीत. आत्यांच्या खांद्याला टेकून म्हणाल्या, "होतंय की."

मी शॉक! त्यांच्या मांडीवरचं ताट उचललं, चमचा घेतला आणि धाडकन वाजवलं. सगळी पंगत वर बघायला लागली. मग आम्ही तिघं खाली उतरलो, आत्यांच्या चालीनं, एक पाय टाकायचा, थांबायचं, मग दुसरा. आणि त्याच चेपलेल्या ताटात सुभेदारांनी स्वतःच्या हातानं मॅडमना भात वाढला.